शेवटच्या दाराचा पत्ता

माझ्या प्रोजेक्टमुळे दादाची नोकरी गेली, असं आमच्या भिवंडीतल्या कामतघरच्या चाळीत आजही बोललं जातं. नळावर बोललं जातं, गावी दिघाशीला गेलं की आत्याच्या ओटीवर बोललं जातं. बाबा तसं म्हणत नाहीत, पण लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आयुष्य काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, आणि ते स्वतःशी जे पुटपुटतात ते शेजारच्या खोलीतही जातं. हे खापर माझ्या डोक्यावर फोडून घ्यायला मी तयार नाही. दादाला ज्यांनी काढलं त्यांना एसीची केबिन आहे, तिथे जाऊन भांडायला कोणी धजत नाही; घरातली शिकलेली मुलगी मात्र सगळ्यांच्या हाताशी असते. म्हणून काय झालं ते एकदा पहिल्यापासून सांगते.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रोजेक्टसाठी कॉलेजने विषय लावले होते: हजेरीचं ॲप, कॅन्टीनचं ॲप, ग्रंथालयाचं ॲप. दरवर्षी तेच. मुलं मागच्या वर्षीच्या मुलांकडून आयतं घेत, पहिलं पान बदलत आणि पार्टी करत. मला या सगळ्याचा तिटकारा होता, आणि तिटकारा लपवणं मला कधी जमलेलं नाही. मी माझा विषय घेऊन प्रोजेक्टच्या सरांकडे गेले.

विषय असा होता. इंटरनेटवर एक जाळं आहे, नाव न सांगता निरोप पाठवायचं. तुम्ही निरोप टाकला की तो थेट जात नाही. जगात कुठे कुठे बसलेल्या अनोळखी माणसांनी फुकट चालू ठेवलेली यंत्रं आहेत, त्यातल्या तीन यंत्रांमधून तो फिरत जातो. ज्याला निरोप मिळतो त्याला फक्त शेवटच्या यंत्राचा पत्ता दिसतो. मागे कोण होतं ते कळत नाही, कोणालाच नाही, जाळं चालवणाऱ्यांनाही नाही. पण हेच जाळं स्वतःबद्दल मात्र काही झाकून ठेवत नाही. कुठल्या तासाला कोणकोणती यंत्रं आपल्यात होती, त्यांचे पत्ते काय होते, हे सगळं ते वर्षानुवर्षं उघड्यावर मांडत आलं आहे. कोणीही उतरवून घ्यावं.

उघड्यावर आहे, पण सापडत नाही, हे त्याचं दुखणं. महिन्या-महिन्याची गाठोडी बांधून ठेवलेली, आणि एक पत्ता शोधायचा तर गाठोडीच्या गाठोडी सोडत बसायचं. परदेशात कुठे तरी असं शेवटचं यंत्र चालवणारा एखादा मास्तर असतो, त्याच्या दारात एक दिवस पोलीस येतात, की तुमच्या पत्त्यावरून धमकी गेली. त्याला दाखवता यायला हवं, की साहेब, त्या तासाला हा पत्ता जाळ्याचं शेवटचं दार होता, मी फक्त दार उघडं ठेवलं होतं, त्यातून कोण गेलं ते मला माहीत नाही. मला अशी खिडकी बनवायची होती, की पत्ता आणि तारीख टाकली की हो किंवा नाही, लगेच.

सरांनी ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली. म्हणाले, "हे ते डार्क वेब वगैरे आहे का? आधीच भिवंडीचं नाव पेपरात कशाकशाला येतं."

"सर, यात कोणाचंच नाव नाहीये."

"तेच तर वाईट आहे ना," सर म्हणाले.

शेवटी शीर्षकात सायबर सुरक्षा हे शब्द घालायच्या अटीवर विषय मंजूर झाला. आणि एक अट होती, ती सगळ्यांनाच होती. निदान एका माणसाने ते वापरून बघितलं पाहिजे, आणि त्याचा अभिप्राय जोडला पाहिजे. "तुझं हे कोण वापरणार?" सरांनी वर्गात विचारलं. "भाजीवाला?" मागच्या बाकावरची पोरं हसली. मला राग आला तो त्यांच्या हसण्याचा नाही, माझ्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं त्याचा.

आमच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच. लूम चालू असले की भांड्यांच्या फळीवरचे पेले एकमेकांवर वाजत राहतात, आणि आमच्या घरात कोणी हळू बोलत नाही, कारण हळू बोललेलं पोचतच नाही. माझी हार्ड डिस्क पहिल्याच आठवड्यात त्या हादऱ्यांनी कुरकुरायला लागली. दादा कारखान्यातून चिंध्यांचं एक बोचकं घेऊन आला, त्याची गादी केली आणि डिस्क त्यावर ठेवली. तरीही मोठी गाठोडी उतरवायचं काम मी शुक्रवारसाठी राखून ठेवायची. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी चाळ इतकी गप्प असते की नवीन भाडेकरू घाबरतात. मी जेवून बसायची आणि दादा सुट्टी मिळाली असेल तर बाजूला पडून बघत राहायचा.

दादाबद्दल चाळीत एक गोष्ट तयार आहे, की त्याने बहिणीला शिकवण्यासाठी स्वतःचं शिक्षण सोडलं. खोटं आहे. दादाने शिक्षण सोडलं ते गणितामुळे. बारावीला दोनदा बसला आणि मग शहराबाहेर पूर्णा गावात एका कंपनीच्या गोदामात लागला. पण मी शिकावं असं त्याला मनापासून वाटायचं हे खरं, आणि माझ्या कामातलं त्याला ओ की ठो कळत नसताना त्याचा अभिमान सगळ्या पूर्ण्याला माहीत होता हेही खरं. चहाच्या टपरीवर तो सांगायचा, आमची बाय इंटरनेटची झडती घेते.

गोदामात तो पार्सल स्कॅन करायचा. ठेकेदाराचा माणूस म्हणून लागला होता आणि ठेकेदाराचाच राहिला होता. दोन रंगांची ओळखपत्रं असतात तिथे. करड्या पट्टीचं ठेकेदाराच्या माणसांना, निळ्या पट्टीचं कंपनीच्या. निळी पट्टी म्हणजे परमनंट: पगारी रजा, दवाखान्याचा खर्च, आणि लग्नाच्या बोलणीत मान वर करून सांगता येईल असं काही तरी. त्याच्यानंतर लागलेल्या दोघांना निळी पट्टी मिळाली होती. दर दिवाळीला मॅनेजर म्हणायचा, तुझं नाव पुढे पाठवलंय. दादाचा त्यावर विश्वास होता. आमच्या घरात सगळ्यांचा होता, कारण दादाच्याच पगारावर घर उभं होतं. बाबांचे कान गेल्यावर लूमवर त्यांना कोणी ठेवलं नाही, आणि आई दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावते त्यात तेल-मीठ निघतं एवढंच.

त्या साली पावसाळ्याआधी गोदामात एक गोष्ट झाली. दादाने जेवताना सांगितली म्हणून मला माहीत. रात्रीच्या शिफ्टला मागचं शटर बाहेरून कुलूप लावून बंद करायचे. माल चोरीला जातो म्हणून. एकदा आत कुठे तरी वायर जळाल्याचा वास आला, धूर झाला, माणसं मागच्या शटरकडे पळाली आणि शटर काही उघडेना. चावी पुढच्या गेटवरच्या वॉचमनकडे, आणि वॉचमन चहाला गेलेला. वायर आपोआप विझली म्हणून सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप.

मग कोणी तरी कंपनीच्या वेबसाइटवर, जिथे गिऱ्हाइकांच्या तक्रारी टाकायची जागा असते तिथे, हे सगळं लिहिलं. नाव न देता, मोडक्या हिंदीत, शटरच्या फोटोसकट. मुख्य ऑफिसने मॅनेजरला फोनवर झापलं. मॅनेजरने शटर उघडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याने शटर सोडलं आणि लिहिणारा शोधायला घेतला. मुख्य ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्यांनी त्याला तक्रार आली तो आयपी पत्ता काढून दिला, आणि तो निघाला युरोपातला. मग तर मॅनेजर चेकाळलाच. आपल्याविरुद्ध बाहेरून कोणी कट करतंय असं तो सुपरवायझरना सांगत सुटला.

एका शुक्रवारी दादा सुपरवायझरकडून उतरवून घेतलेली एक चिठोरी घेऊन आला. त्यावर तो पत्ता, तारीख आणि वेळ.

"बाय, यो पत्ता बघ जरा. तुझ्या मशीनमधी टाक. कोनाचा हाय?"

मला झालेला आनंद मी लपवणार नाही. इतके महिने मी एकटीच त्या खिडकीत खोटे पत्ते टाकून बघत होते. आज पहिल्यांदा कोणी तरी खरा पत्ता घेऊन आलं होतं, आणि तोही माझा भाऊ. गाठोडी जगाच्या घड्याळावर चालतात, ते घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे आहे, म्हणून मी आपली वेळ मागे नेली, पत्ता टाकला आणि बटण दाबलं. उत्तर आलं: हो. त्या तासाला हा पत्ता जाळ्याचं शेवटचं दार होता.

मी दादाला समजावलं. युरोपातल्या माणसाचा यात काही संबंध नाही, त्याच्या दारातून फक्त निरोप बाहेर पडला. पाठवणारा कुठेही बसलेला असेल, मुंबईत, दिल्लीत, पूर्ण्यात.

"आनि तो कोन ते कळनार न्हाय?"

"नाही."

"पोलिसांना पन?"

"या पत्त्यावरून कोणालाच नाही, दादा. ते जाळं बनवलंयच तसं."

"म्हंजे न्हाय म्हंजे न्हायच ना? बग हां, पक्का सांग."

त्याने मला ते तीनदा बोलायला लावलं. मग म्हणाला, "असा लिवून दे. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, सगल्यात दे. छापून दे. कालेजचा नाव टाकून."

मला वाटलं, मॅनेजरपुढे मिरवायचं आहे त्याला. निळ्या पट्टीसाठी. मी एक सुंदर पान तयार केलं. वर प्रोजेक्टचं नाव, खाली माझं आणि कॉलेजचं, मधे उत्तर, आणि शेवटी स्वच्छ वाक्य: या पत्त्यावरून पाठवणारी व्यक्ती शोधता येणार नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं. दादाने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून टिफिनच्या बाजूला ठेवलं.

इथे लूमच्या धंद्यातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ताग्यात दोष निघाला की मेहताजी, म्हणजे शेठचा कारकून, ज्याच्या लूमवरचा तागा असेल त्याचा पगार कापतो. कोणाच्या लूमवरचा ते नक्की होईना तर सगळ्यांकडे संशयाने बघतो. अशा वेळी कोणी तरी कामगार तो तुकडा घेऊन घडी घालायच्या खात्यात जातो. तिथला जुना माणूस कापड बोटांवर फिरवतो आणि चिठ्ठी देतो, की दोष विणणाऱ्याचा नाही, सुताचा आहे. ती चिठ्ठी मेहताजीच्या टेबलावर गेली की विषय संपला. पगार कोणाचाच कापला जात नाही, आणि चिठ्ठी कोणी आणली हे कोणी विचारत नाही. बाबांनी आयुष्यभर अशा चिठ्ठ्या नेल्या, बऱ्याचदा दुसऱ्यांसाठी. दादा लहानपणी बाबांचा डबा घेऊन जायचा तेव्हा हे सगळं बघत मोठा झाला.

मॅनेजर कधी लूमवर गेला नव्हता. दादाने पान टेबलावर ठेवलं. मॅनेजरने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दादाकडे बघून विचारलं, "ये किसने बनाया?"

"मेरी बहन ने, साहब. इंजिनिअर है," दादा म्हणाला. हे सांगताना त्याची छाती फुगली असणार, मला त्याच्याकडून ऐकतानाही ती दिसत होती.

"मतलब तेरे घर में ये सब चलता है."

पुढचं सगळं त्या एका वाक्यातून आलं. एवढ्या मोठ्या गोदामात या जाळ्याचं नाव माहीत असलेला माणूस कोण? ज्याच्या घरी त्याचा अभ्यास चालतो तो. तक्रार कोणी केली असेल? ज्याला माहीत आहे की सापडणार नाही, त्याने. आणि सापडणार नाही असं लिहून कोण घेऊन आलं? दादाचा फोन मागितला, तपासला, काही नव्हतं. मग काही नाही याचाही अर्थ लावला, की शहाणा आहे, पुसून आलाय. शेवटी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तू नाही केलंस तर कोणी केलं ते सांग, तुला माहीत असणार. नाव दे, तुझं काम या दिवाळीला नक्की. दादाने नाव दिलं नाही.

त्याला कोणी काढलं नाही. असं तिथे कोणाला काढतच नाहीत. दुसऱ्या दिवशी गेटवर त्याने अंगठा लावला तर लाल दिवा लागला. पुन्हा लावला, पुन्हा लाल. मागच्या रांगेतली माणसं म्हणाली, बाजूला हो रे, आमची ड्युटी चुकते. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, माझ्याकडे तुझं नाव दिसत नाही. इतकी वर्षं त्या गेटमधून आत-बाहेर केलेल्या माणसाचं नाव कुठेच दिसत नव्हतं. दादा डबा तसाच घेऊन घरी आला.

बाबांनी सगळं मोठ्याने दोनदा ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कागद कशाला दिलास गो?"

मी तेव्हा ओरडले ते पलीकडे लूम चालू असतानाही चाळीत ऐकू गेलं. मी म्हटलं, कागदात एक अक्षर तरी खोटं आहे का? जळकी वायर मी लावली? कुलूप मी लावलं? मी बनवलेली गोष्ट कोणाला पकडण्यासाठी नाही, सोडवण्यासाठी आहे. युरोपातल्या ज्या माणसाला मी ओळखत नाही त्याला तिने खरंच सोडवलं, कारण मॅनेजरने त्याचा नाद त्या दिवसापासून सोडला. आणि माझ्या सख्ख्या भावाला अडकवलं, हे तिने नाही केलं, एका डोक्याने केलं, आणि त्या डोक्याला शटर उघडण्यापेक्षा माणूस शोधणं सोपं वाटतं. आई म्हणाली, हळू बोल. आमच्या घरात हे कोणी कोणाला पहिल्यांदाच सांगितलं असेल.

दादा महिनाभर घरात बसला आणि मग लूमवर गेला. भिंतीपलीकडच्याच कारखान्यात. ज्या धंद्यातून त्याने निघावं म्हणून बाबांनी देवाला साकडं घातलं होतं, त्याच धंद्यात बाबांनीच मेहताजीकडे शब्द टाकून त्याला लावलं. माझी डिस्क चिंध्यांच्या गादीवर थरथरायची तेव्हा मला माहीत असायचं की यातला एक हादरा दादाच्या लूमचा आहे. मला अभ्यास सुचत नव्हता. तरी मी केला, चिडून केला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक चांगले होते. त्यांनी खिडकीत दोन-तीन पत्ते टाकून बघितले, उत्तर इतक्या लवकर कसं येतं ते विचारलं, मी सांगितलं. मग त्यांनी अभिप्रायाचं पान उघडलं. त्यावर मी एकच ओळ लिहिली होती: एका व्यक्तीने वापरले, उत्तर अचूक मिळाले.

"यांना उपयोग झाला का याचा?" त्यांनी विचारलं.

"त्यांची नोकरी गेली," मी म्हटलं.

सरांनी पटकन हसून घेतलं, मग परीक्षकही हसले. विनोद वाटला त्यांना. मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले आणि सरांनी कॉलेजच्या पानावर माझ्याबरोबर स्वतःचा फोटो टाकला. खाली लिहिलं, आमच्या मार्गदर्शनाखाली. डार्क वेबची भीती कुठल्या कुठे पळाली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाला मॅनेजरचा फोन आला. मुख्य ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवाल्यांपर्यंत माझं ते पान पोचलं होतं आणि त्यांना आवडलं होतं. पूर्ण्याला त्यांना एक माणूस हवा होता, सिस्टीम बघायला. आणि मॅनेजरने आपल्याकडून जोडलं, पुन्हा असं काही आलं तर त्यावर नजर ठेवायला. बहिणीला पाठव. कंपनीच्या पगारावर, पहिल्या दिवसापासून परमनंट.

दादा लूमवरून येऊन हातपाय धुऊन बसला होता, केसांत कापसाची पांढरी लव तशीच. त्याने निरोप जसाच्या तसा सांगितला. आईने हात जोडले. बाबांना मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, या माणसाला लाज कशी वाटत नाही? तुला गेटबाहेर उभं केलं, आणि आता माझ्याकडून पुढचा माणूस पकडून हवाय. मी थुंकायलाही जाणार नाही त्या गेटवर.

दादाने मला बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाला, "मना ठावं हाय, ती तक्रार कोनी केली."

आईने जोडलेले हात खाली घेतले. 

"पयल्यापासून ठावं हाय. त्या जाळ्याचा नाव त्यानी टपरीवर माझ्याच तोंडून ऐकला होता. त्याची दोन लहान पोरा हायत. मॅनेजर शोधून काढल म्हनून तो घाबरून ताप काढत होता. म्हनून तर तुझ्याकडं आलो. मना वाटला, सापडनार न्हाय असा लिवलेला कागद टेबलावर गेला की शोधना बंद होईल. लूमवर होतो तसा."

"आणि परमनंटसाठी नाही?"

"त्याच्यासाठी असता तर नाव नसता दिला?"

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"तुला कशाला पायजे नाव?" दादा म्हणाला, आणि पहिल्यांदाच माझ्यावर थोडा चिडला. मग त्याने टॉवेलने केस झटकले. "म्हनून सांगतो, तूच जा. त्या खुर्चीत दुसरा कोनी बसला तर तो शोधल. तू बसलीस तर तुला कोनी सापडनार न्हाय. तूच बोललीस ना, पक्का."

मी गेले. नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

आता माझ्या गळ्यात निळी पट्टी आहे. अंगठा लावला की गेट हिरवं होतं. मॅनेजर मला मॅडम म्हणतो. मागच्या शटरला कुलूप आहे, नवीन, आधीपेक्षा मोठं. मी त्याबद्दल दोनदा विचारलं, दोनदा मला सांगितलं गेलं की ते तुमच्या खात्यात येत नाही. तेव्हा मी ठरवलं की तक्रार येऊ दे. पुन्हा कोणी लिहिलं की ती माझ्याकडे तपासायला येईल, मी ती आहे तशी वर पाठवीन आणि खाली सही करून लिहीन, की पाठवणारा शोधता येत नाही, शटर मात्र शोधता येतं.

जेवणाच्या सुट्टीत मी टपरीवर जाते तेव्हा करड्या पट्टीची माणसं बोलता बोलता थांबतात. त्यांच्यातच कुठे तरी तो आहे, दोन लहान मुलांचा बाप. तो मला ओळखत असणार, दादाची बहीण म्हणून. माझ्याकडे बघत मात्र नाही. त्या सगळ्यांनी दादाला लाल दिव्यापुढे पुन्हा पुन्हा अंगठा लावताना पाहिलं आहे, आणि त्याच्या जागी आता पकडायला म्हणून त्याच्याच घरातली आणून बसवली, असं त्यांना वाटतं. मी त्यांना कसं सांगू? सांगितलं तर ते मॅनेजरपर्यंत जाईल.

रोज सकाळी पहिलं काम म्हणून मी ती तक्रारींची जागा उघडते. फुटलेल्या बाटल्या, चुकीचा रंग, उशिरा आलेलं पार्सल. गोदामातून कोणी काही लिहीत नाही.